मेलेल्या नाकाची कैफियत

'बरं झालं लेका, सुटलास!'

माझं नाक गेलंय हे कळल्यावर लोक पहिलं वाक्य हेच बोलतात. दोस्त बोलतात, टोळीतले बोलतात, चळवळीतले शिकलेसवरलेले कार्यकर्तेसुद्धा बोलतात. गोवंडीला राहतोस, देवनारचं डंपिंग उशाला, काम गोदीत, जाता-येता हार्बर लाइन. वास येत नाही म्हणजे लॉटरीच लागली की तुला! आणि खदाखदा हसतात. सुरुवातीला मीपण हसायचो. आता हसत नाही. आता उलट विचारतो, डोळे गेलेल्या माणसाला तू म्हणशील का, बरं झालं, झोपडपट्टी बघायला नको? बहिऱ्याला म्हणशील का, बरं झालं, शिव्या ऐकायला नकोत? नाही म्हणणार. लाज वाटेल. मग माझ्या नाकाच्या वेळीच तुझी जीभ एवढी सैल का सुटते?

कारण तुझ्या डोक्यात पक्कं बसलंय की आमच्या आयुष्यात वास म्हणजे फक्त घाण. घाण गेली म्हणजे नफाच नफा.

दोस्तांनो, या एका वाक्याच्या विरुद्ध मला ही कैफियत मांडायचीय. दवाखान्याचं रडगाणं गायला मी बसलेलो नाही. रडून नाक फक्त गळतं, वास परत येत नाही.

२०२१ चा एप्रिल. दुसरी लाट. गोदी बंद नव्हती. अख्खा देश दार लावून घरात बसला होता तेव्हा त्याची डाळ, त्याचं लोखंड कुणीतरी जहाजातून उतरवत होतंच. ते कुणीतरी म्हणजे आम्ही. तिथंच कुठंतरी मला लागण झाली. तीन दिवस ताप, अंग ठेचून काढल्यासारखं. चौथ्या दिवशी ताप उतरला. आईनं तव्यावर सुकट भाजायला घेतली. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सुकट भाजली की गल्लीच्या तोंडापर्यंत वर्दी जाते. मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. विचारलं, 'आये, काय करतीस?' ती उलथनं हातात धरून माझ्याकडं बघतच राहिली. मग तवा उचलून माझ्या नाकाशी आणला. धूर डोळ्यांत गेला, डोळ्यांतून पाणी आलं. नाकात काहीच नाही. कोरी पाटी.

वास आणि चव जाणं हे कोरोनाचं लक्षण आहे असं केंद्राच्या आरोग्य खात्यानं १३ जून २०२० ला यादीत घातलं होतं. पण ती यादी रोगी हुडकायला होती. रोग गेला आणि वास आलाच नाही, अशा माणसाचं पुढं काय करायचं, त्याची यादी कुणी केली नाही. सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाला, 'जीव वाचलाय ना? येईल वास आज ना उद्या.' त्याचा मला राग नाही. त्याच्या दारात ऑक्सिजनसाठी रांग लागलेली. माझ्यापुढची म्हातारी माझ्यासमोर गेली. अशा वेळी नाकाचं गाऱ्हाणं कुठल्या तोंडानं सांगणार? म्हणून मी गप घरी आलो. माझ्यासारखे किती गप घरी आले असतील, ते कुणी मोजलं नाही.

मी मॅट्रिक. पण नाक माझं आहे म्हटल्यावर माहिती काढली. नाकपुडीच्या वर, अगदी छताला, दोन डोळ्यांच्या मधोमध एक पातळ अस्तर असतं. टपालाच्या तिकिटाएवढं. वासाचे मज्जातंतू त्यात असतात आणि त्यांच्यावर वास ओळखणारी कुलपं. माणसाच्या नाकात अशी कुलपं साधारण चारशे तऱ्हांची. वासाचा कण म्हणजे किल्ली. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या दोघांनी १९९१ साली ही कुलपं हुडकली, त्याबद्दल २००४ साली त्यांना नोबेल मिळालं.

कोरोनाचा विषाणू सहसा या तंतूंना थेट मारत नाही, हे २०२० सालच्या संशोधनातून पुढं आलं. तो शिरतो तंतूंच्या बाजूच्या आधारपेशींत. तंतूंना दाणापाणी पुरवणाऱ्या, त्यांच्या भोवतीची झाडलोट करणाऱ्या या पेशी. त्या मेल्या की तंतू बसल्या जागी ठप्प. वाचलं तेव्हा मला हसू फुटलं. साला, नाकातसुद्धा आधी सफाई कामगार मरतो!

पुष्कळांच्या पेशी महिन्या-दोन महिन्यांत परत उगवतात आणि वास परततो. काहींचा परतत नाही. अशा काही लोकांच्या नाकातलं अस्तर काढून शास्त्रज्ञांनी तपासलं, ते २०२२ साली छापून आलं. विषाणूचा मागमूस नव्हता. पण रोगाशी लढायला आलेल्या पेशी महिनोन्‌महिने तिथंच ठाण मांडून होत्या, आणि वासाचे तंतू कमी झाले होते. दंगल संपली, एसआरपीची छावणी उठली नाही. वस्तीतल्या पोरांना हे जास्त समजावून सांगायला नको.

जिभेचंही तेच. जीभ बिचारी अडाणी. गोड, खारट, आंबट, कडू आणि मटणाच्या रश्शात असते ती एक चव, एवढंच तिला कळतं. बोंबील वेगळा आणि जवळा वेगळा, कोथिंबीर वेगळी आणि मेथी वेगळी, हे घास चावताना घशाच्या मागच्या दारानं नाक सांगत असतं. माझं ते दार बंद. मिरची लागते, मीठ लागतं. बाकी जेवण म्हणजे ओला पुठ्ठा.

उपाय एकच सांगतात, नाकाची तालीम. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल या डॉक्टरानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो २००९ साली मांडला. गुलाब, लिंबू, लवंग, नीलगिरी. चार वास रोज दोनदा, बारा आठवडे, लक्ष देऊन घ्यायचे. औषध नाही, गोळी नाही. नुसतं मनातल्या मनात आठवायचं, लवंग अशी असते, लवंग अशी असते. मी केलं. रात्रपाळीहून येऊन केलं. गुलाबपाण्याची बाटली, नीलगिरीचं तेल, दोन लवंगा, अर्धं लिंबू. मोहल्ल्यातली पोरं म्हणायची, काळी जादू शिकतोय. बारा आठवड्यांचे सहा महिने केले. पुष्कळांना या तालमीनं फरक पडतो, ज्यांचं नाक असं गेलंय त्यांनी ती जरूर करावी. मलाही फरक पडला. पण कसा, ते ऐका.

वास आला. उलटा आला. कांदा परतला की जळक्या रबराचा वास. लसणाला मेलेल्या उंदराचा. चहाला गटाराचा. तंतू परत उगवतात तेव्हा अशी गफलत पुष्कळांची होते. किल्ली एक, उघडतं भलतंच कुलूप. कांदा, लसूण, कॉफी, भाजलेलं मटण यांनी ती जास्त होते. म्हणजे आमच्या घरात रोज जे शिजतं त्या सगळ्यानं.

एकदा मी पाळीवरून आलो. आईनं कांदालसणाचं वाटण परतायला घेतलं होतं. उंबऱ्यातच मला उमासा आला आणि तोंडातून निघून गेलं, 'काय घाण शिजवलीस ही!'

आई काही बोलली नाही. गॅस बंद केला. भांडं झाकलं. मग भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, 'शाळेतल्या बाईपण आमच्या डब्याला असंच म्हणायच्या.'

दोस्तांनो, त्या दिवशी मला कळलं की ते वाक्य माझ्याही तोंडात तयार होतं. विषाणूनं फक्त दार उघडलं. वास नाकात असतो, पण कुठल्या वासाला घाण म्हणायचं हे नाकात ठरत नाही. ते दुसरीकडं ठरलेलं असतं. हजारो वर्षं.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला फाहियान नावाचा चिनी भिक्षू आपल्या देशात आला. त्यानं लिहून ठेवलंय, इथले लोक कांदा-लसूण खात नाहीत, अपवाद फक्त चांडाळांचा. आणि तेच चांडाळ गावाबाहेर राहतात, गावात शिरताना लाकूड वाजवतात, म्हणजे लोकांनी बाजूला व्हावं. बघा, लसूण आणि वेस एकाच परिच्छेदात आलेत. मनुस्मृतीनं द्विजांना कांदा-लसूण वर्ज्य केला. ज्याच्या तोंडाला लसणाचा वास तो खालचा, एवढी सोपी खूण. पुढं १९२७ साली बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचं पाणी घेतलं. सनातन्यांनी तळं शुद्ध केलं ते कशानं? दूध, दही, शेण आणि गोमूत्राचे १०८ घडे ओतून. माणसाच्या ओंजळीनं पाणी बाटतं आणि शेणामुतानं शुद्ध होतं! या नाकाला रोग झालेला नाही तर काय झालंय? आणि या रोगाची तालीम कुणी करायची?

आज वेशीवर लाकूड वाजवावं लागत नाही. आज सोसायटीचा सेक्रेटरी विचारतो, 'नॉनव्हेज करता का? वास येतो हो जिन्यात.' आडनाव विचारायची गरजच उरत नाही. नाक मुरडलं की काम झालं. मराठीत इज्जतीला नाकच म्हणतात. नाक कापलं, नाक राहिलं, नाक वर करून चालला. आमच्याकडं बघून मुरडायचं तेही नाकच. म्हणजे माझं नाक मेल्यानं जात काही मेली नाही. ती ज्यांच्या नाकात राहते त्यांची नाकं ठणठणीत आहेत. कोरोनानं वास नेला, विटाळ नेला नाही.

आता गोदीत चला. खरी कैफियत तिथं आहे.

मी कंत्राटी. आज या यार्डात, उद्या त्या शेडमध्ये. आमच्या कामात नाक हे हत्यार आहे, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. जहाजाच्या पोटात उतरायच्या आधी, बंद कंटेनरचं दार उघडल्यावर मुकादम टोळीतल्या एकाला पुढं करतो. 'ए पोरा, वास घे रे जरा.' पोरगा मुंडी आत घालतो, हुंगतो, आणि म्हणतो 'साफ आहे' किंवा म्हणतो 'थांबा'. झाली तपासणी. एवढ्यावर दहा माणसं आत जातात.

परदेशातून तूर, उडीद, मूग येतो. किडू नये म्हणून त्यात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकतात. हवेतला ओलावा लागला की त्या फॉस्फिन वायू सोडतात. कीड मरते. माणूस आत असेल तर माणूसही मरतो. या वायूचा वास लसणासारखा, सडक्या मासळीसारखा येतो. गोळी पूर्ण जळून गेली की नुसती राख उरते आणि वायू उडून जातो, पण कंटेनर नीट हवा खेळवून उघडला नाही तर आत तो दबा धरून असतो. काही ठिकाणी मिथाइल ब्रोमाइड मारतात. त्याला मारक प्रमाणातसुद्धा जवळजवळ वास नाही, म्हणून त्यात डोळे झोंबणारं दुसरं रसायन मुद्दाम मिसळतात. कंटेनरवर कवटीचं चित्र आणि इंग्रजी कागद लावायचा नियम आहे. समुद्राच्या वाऱ्यापावसात तो कागद कधी टिकतो, कधी टिकत नाही.

माझं नाक गेलंय हे मी टोळीत सांगितलं नव्हतं. का सांगू? सांगितलं की दुसऱ्या दिवशी हजेरी बंद. कंत्राटी माणसाला आजारपण परवडत नाही, व्यंग तर मुळीच नाही. सहा महिने मी लपवलं. दुसरे जेव्हा म्हणायचे 'शी, काय वास', तेव्हा मीपण म्हणायचो 'शी'. नाटक चांगलं जमलं होतं.

मग एक दिवस माझी पाळी आली. तुरीचा कंटेनर. सील तोडलं, दार उघडलं. मुकादम म्हणाला, 'वास घे रे.' मी मुंडी आत घातली. तुरीच्या गोण्या, अंधार, गरम हवा. हुंगलो. कोरी पाटी. टोळी मागं उभी. ऊन. मुकादम घड्याळ बघतोय. आणि मी म्हणालो, 'साफ आहे.'

बीडकडचा एक पोरगा पहिला आत गेला. विसेक मिनिटांत बाहेर येऊन बसला. डोकं धरलं, ओकला, छातीत आवळतंय म्हणाला. त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वाचला. दोन दिवसांनी कामाला आला आणि मलाच म्हणाला, 'उन्हानं झालं असंल रे.' मी त्याला खरं सांगितलं नाही. दोन वर्षं सांगितलं नाही. अलीकडं सांगितलं. त्यानं बराच वेळ समुद्राकडं बघितलं आणि म्हणाला, 'तुझं नाक चांगलं असतं तरी त्यानं तुलाच पुढं घातलं असतं ना?'

त्याच्या या प्रश्नावर मी किती रात्री झोपलो नाही. माझी चूक मी पुसून टाकत नाही. भीतीपोटी मी खोटं बोललो आणि दुसऱ्याचा जीव पणाला लावला. हे मी इथं छापून देतोय, माझं नाव खाली आहेच. पण त्याचा प्रश्न बरोबर होता. फॉस्फिनच्या बाबतीत चांगल्या नाकावरही भरवसा ठेवता येत नाही. वास यायच्या आधीच तो घातक प्रमाणात असू शकतो. हवेत किती वायू आहे ते सांगणारा हातात मावेल असा मीटर असतो. तो विकत मिळतो. पण मीटर विकत घ्यावा लागतो आणि आमचं नाक फुकट मिळतं. मुकादमाला, त्याच्या वरच्या कंत्राटदाराला, त्याच्या वरच्या मालवाल्याला आमची नाकं म्हणजे फुकटचे मीटर. बिघडला मीटर तर बदली मीटर नाक्यावर उभाच आहे.

आणि गटारात उतरणाऱ्या आपल्या भावांचं काय? मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्याचा वास येतो, माणूस सावध होतो. पण हवेच्या दहा लाख भागांत शंभरेक भाग झाला की काही मिनिटांत तो नाकाचा तंतूच सुन्न करतो. वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, गेला वाटतं वायू, आणि तो आणखी एक पायरी खाली उतरतो. तो वायू आधी नाक मारतो, मग माणूस. २०१३ साली हाताने मैला साफ करायला लावण्याच्या बंदीचा कायदा झाला. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हणून सांगितलं. २०२३ साली ते तीस लाख केले. मेल्यावरचा भाव वाढत चाललाय, त्याला आपली हरकत नाही. पण जिवंतपणी त्याच्या हातात मीटर आणि तोंडाला मुखवटा द्यायला कुठल्या कोर्टाची वाट बघताय?

नाकाला तर भावच नाही. १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात अवयवांचं दरपत्रक होतं. अंगठा गेला तर कमाईची ताकद तीस टक्के गेली असं धरायचं. तर्जनी पूर्ण गेली तर चौदा टक्के. करंगळी सात टक्के. वासाची ओळ त्या दरपत्रकात नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार मोजलेत. त्यातही वास नाही. बुद्धानं मात्र अडीच हजार वर्षांपूर्वी माणसाची सहा दारं मोजली, डोळा, कान, नाक, जीभ, अंग आणि मन. त्याच्या मोजणीत नाक होतं, कायद्याच्या मोजणीत नाही. चवदार तळ्याचं पाणी ज्यांनी मागितलं त्यांच्या पोरांनी एक गेलेलं दार मोजून घ्यायला लाजायचं कारण नाही.

आता थोडं आपल्या लिहिणाऱ्या दोस्तांशी बोलतो. रागावू नका, मी तुमच्यातलाच आहे.

१९७२ साली 'गोलपिठा' आला तेव्हा मराठी कवितेला पहिल्यांदा या शहराच्या तळाचा वास आला. पांढरपेशांनी नाकाला रुमाल लावले. लावायलाच हवे होते. तो वास त्यांच्या दिवाणखान्यात नेऊन ओतणं हे त्या काळाचं काम होतं आणि ढसाळांनी ते छाती ठोकून केलं. पण आम्ही नंतरची पोरं, आम्ही काय केलं? आम्ही ती घाण जशीच्या तशी उचलली आणि प्रत्येक कवितेत फावड्यानं टाकत गेलो. मीपण टाकली. गटार, संडास, उकिरडा, पू. लिहिलं की टाळी. मला आठवतं, पहिली कविता वाचली तेव्हा एक प्राध्यापक म्हणाले, 'काय जिवंत दुर्गंधी आहे हो तुमच्या ओळीत!' मी खूश झालो होतो. आज वाटतं, त्यांनाही आमच्याकडून तेवढंच पाहिजे होतं.

नाक गेल्यावर मला घाणीची आठवण आली नाही. एकदाही नाही. मला आठवलं ते भलतंच. बाप महानगरपालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवर होता. घरी आला की आधी मोरीत जायचा, लाल लाइफबॉयनं अंग घासून काढायचा. मग बाहेर येऊन मला मांडीवर घ्यायचा. लाइफबॉय आणि गायछाप तंबाखू, हा माझा बाप. अख्ख्या शहराला त्याचा वास घाण होता आणि मला त्या वासाशिवाय झोप यायची नाही. तो गेला तेव्हा आईनं त्याचा एक खाकी शर्ट न धुता पेटीत ठेवला. ती कधीतरी पेटी उघडते, शर्ट तोंडाला लावते, परत ठेवते. मीपण लावतो. मला कापड लागतं. बाप लागत नाही.

आणखी आठवतं. पहिल्या पावसात गरम डांबराचा. चौदा एप्रिलला नव्या पांढऱ्या शर्टाच्या खळीचा. विहारातल्या उदबत्तीचा आणि मेणबत्तीचा. आपल्या या अंकाचा गठ्ठा छापखान्यातून आला की शाईचा. हार्बर लाइनवर तर मी डोळे मिटून स्टेशनं सांगायचो. शिवडीला खाडीचा चिखल, कॉटनग्रीनला गोदामातलं गोणपाट, रे रोडला दारूखान्यात कापल्या जाणाऱ्या जहाजांचं लोखंड, डॉकयार्डला भाऊच्या धक्क्याकडून येणारी मासळी. हा माझा नकाशा होता. हे शहर मला नाकानं पाठ होतं. हे सगळं माझ्या कवितेत का नव्हतं? ते सुंदर होतं म्हणून? की सुंदर आम्हाला शोभत नाही असं आम्हालाच पटलं होतं?

मी गुलाबाच्या कविता लिहा म्हणत नाही. मी म्हणतो, हिशोब पुरा मांडा. ज्याच्याकडं गमवायला काहीच नाही असं जग समजतं, त्याला भरपाई कोण देणार? आपल्या घरात फक्त घाण होती असं आपणच लिहून दिलं, तर उद्या नाक गेल्यावर मुकादम, डॉक्टर, कायदा सगळे तेच म्हणणार. बरं झालं, सुटलास.

म्हणून माझं मागणं साधं आहे. जहाजाच्या पोटात, कंटेनरमध्ये, टाकीत, गटारात माणूस उतरायच्या आधी मीटरनं हवा तपासली गेली पाहिजे. मीटर नसेल तर कुणीही उतरायचं नाही, आणि 'वास घे रे' म्हणणाऱ्या मुकादमाला टोळीनं एका आवाजात सांगायचं, तूच घे. गोदीत आणि सफाईत वर्षाची तपासणी होते तिथं डोळ्या-कानाबरोबर नाकही तपासा. लवंग आणि साबण हुंगवायला कितीसा खर्च येतो? आणि ज्याचं नाक गेलेलं निघेल त्याला हाकलू नका, उघड्यावरचं काम द्या. नाही तर तो लपवेल. मी लपवलं तसं. भरपाईच्या दरपत्रकात वासाची ओळ घाला. युनियनवाल्यांनी आणि आपल्या वकील दोस्तांनी हे हातात घ्यावं.

आणि तोवर वस्तीत आपण एकमेकांची नाकं व्हायचं. घरातल्या सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन नावाचं घाणेरडं रसायन मुद्दाम मिसळतात. म्हणजे बघा, या जगात एक घाण अशीही आहे जी जीव वाचवते. माझ्यासाठी तीही नाही. गेल्या वर्षी आई गावाला असताना बटण अर्धवट राहिलं आणि मी शेजारीच वही घेऊन लिहीत बसलो होतो. शेजारच्या मावशीनं दार बडवलं, 'मुडद्या, गॅस सुटलाय, नाक हाय का भोक?' मी म्हणालो, 'मावशी, भोकच आहे.' त्या दिवसापासून ती सकाळ-संध्याकाळ एकदा आमच्या दारात थांबते, लांब श्वास घेते आणि पुढं जाते. तुमच्याही गल्लीत असं एखादं नाक मेलेलं असेल. लाजून गप बसलं असेल. त्याला विचारा.

आणि पुढच्या वेळी कुणी त्याला म्हणालं, बरं झालं, सुटलास, तर तिथंच अडवा. त्याला सांगा, हा सुटलेला नाही. सुटलाय तो कंत्राटदार, ज्याला अजून मीटर घ्यावा लागलेला नाही.

जयभीम.